द्वारकाबाईंची लांडगीण

दीपमालेला माणसं तोलायची सवय होती. मुकुंदवाडीतल्या बचत गटाची सचिव ती. बसल्याजागी कोणाच्या खात्याला काय जमा आणि काय नावे, हे तिच्या डोक्यात आपोआप मांडलं जायचं. शेजारच्या लीलाबाई जमेला धरायच्या तर अडल्यानडल्याला धावून येतात म्हणून, आणि नावे टाकायच्या तर धावून आल्याचं पुढं महिनाभर गल्लीला सांगतात म्हणून. सासरे नानासाहेब यांच्या जमेला गोड बोलणं, नावे बाजूला बाकी सगळं.

सासूबाईंचं खातं मात्र तिला पंधरा वर्षांत जुळवता आलं नव्हतं. द्वारकाबाईंनी सुनेकडं कधी काही मागितलंच नव्हतं. मागितलं असतं तर देता आलं असतं, देऊन थोडा मोठेपणा मिरवता आला असता. पण ही बाई सोयगावाहून यायची ती पिशवीत स्वतःचा तांब्या घेऊन. पाणी प्यायलासुद्धा सुनेच्या भांड्याचं बंधन नको!

या खेपेला आल्या त्या पायाला प्लास्टर घालून. गोठ्यात घसरल्या आणि घोटा मोडला. नानासाहेब बायकोची सेवा करायला म्हणून बरोबर आले आणि आल्या दिवसापासून गच्चीच्या जिन्यात पेपर वाचत बसले. सुदर्शन, म्हणजे दीपमालेचा नवरा, शेंद्र्याच्या कंपनीत. त्याची पाळी बदलली की घरातल्यांना तो झोपलेलाच दिसायचा. तेव्हा हॉलमधल्या दिवाणावर द्वारकाबाई, आणि त्यांच्यासमोर टीव्ही. दोन दिवसांत त्यांनी मालिकांना हात जोडले.

"ह्या बायांना कामधंदा नाय का गं? सकाळी उठल्यापासून दागिने घालून भांडत्यात."

मग त्यांची नजर नातीच्या टॅबकडं गेली. मेघा नववीत, शाळेतून आली की पाय पसरून गेम खेळत बसायची.

"कुत्रं कोणाचं गं ते?"

"कुत्रं नाही आजी, लांडगा आहे. मीच आहे ती. लांडगीण. शिकार करायची, पोरं वाढवायची, जगायचं."

द्वारकाबाईंनी अंग चोरलं. "बंद कर आधी. घरात आणायचं जनावर हाय का ते?" आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. उभा जन्म शेळ्या राखण्यात गेलेला. लांडगा म्हणजे काय, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. सकाळी मोजलेली करडं संध्याकाळी कमी भरली की कोणाला शिव्या घालायच्या, ते नाव होतं ते.

दुसऱ्या दिवशी मेघा शाळेतून यायच्या आत टॅब दिवाणावर होता. "बघू तरी," द्वारकाबाई म्हणाल्या, "मेल्याचं घर कसंय."

घर चांगलंच होतं. कुठल्याशा परदेशातले बर्फाचे डोंगर, खाली नदी, गवत, हरणांचे कळप. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं झेप घ्यायची. पहिले दोन दिवस त्यांची लांडगीण झाडांवर आपटत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी हरीण पाडलं. मेघा बघतच राहिली. तिला स्वतःला ते जमायला महिना गेला होता. आजी कळपामागं धावल्याच नाहीत. वाऱ्याच्या उलट अंगाला जाऊन गवतात बसल्या आणि कळपातलं चरता चरता मागं पडणारं कोण, ते बघत राहिल्या.

"आमच्यात असंच यायचं ते," त्या म्हणाल्या. "समोरून कधी नाय आलं."

जिन्यातून नानासाहेब म्हणाले, "चाळीस वर्षं राखण केली, आता चोराला जाऊन मिळाली!"

"तुम्ही पेपर वाचा."

दीपमाला स्वयंपाकघरातून हे सगळं बघत होती आणि मनातल्या मनात हसत होती. लीलाबाईंना सांगायला चांगला ऐवज मिळाला होता. पण लांडगीण व्याली आणि गोष्ट हसण्यावारी राहिली नाही.

बिळात पिल्लं झाली. डोळे मिटलेली, काळी, मुठीएवढी. द्वारकाबाईंनी टॅब एकदम हळू धरला, जणू तिरका झाला तर ती सांडतील. मेघा म्हणाली, "आता हिला बाहेर ने आजी, शिकारीला. पोटाची पट्टी कमी होतेय."

"ओली बाळंतीण बाहेर नेऊ? वारं लागंल तिला."

"आजी, गेम आहे."

"असू दे. सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाय. नवरा काय करतो मग?"

नवरा बिळाबाहेर पाय ताणून झोपला होता. तो कॉम्प्युटरचा होता, मेघानं समजावलं. त्याच्या मनात आलं तर जातो, त्याला काही सांगता येत नाही. द्वारकाबाईंनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा जिन्याकडं. "सगळे तसलेच," म्हणाल्या, आणि बाळंतिणीला बिळात बसवून ठेवलं. पट्टी पिवळी झाली, लाल झाली. मेघा कळवळून सांगत राहिली. आजी हटल्या नाहीत. आईला दूध येईना, आणि अंधार पडता पडता बीळ रिकामं झालं. पडद्यावर दोन ओळी आल्या. मेघानं त्या वाचून दाखवल्या नाहीत.

त्या दिवशी द्वारकाबाई जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या. दीपमाला ताट उचलून आत गेली ती हसायलाच गेली होती, पण ओट्याशी उभं राहून तिला काही हसू आलं नाही. सासूची भाकरी तिनं फडक्यात गुंडाळून ठेवली.

पुन्हा जोडी जमली, पुन्हा बीळ झालं, पुन्हा तीन पिल्लं झाली. मधल्या काळात दीपमालेनं एक फर्मान काढलं होतं. मेघाची चाचणी परीक्षा सोमवारपासून. "रविवारपर्यंत काय खेळायचं ते खेळा. सोमवारी टॅब कपाटात." सांगितलं मेघाला, पण ऐकलं दिवाणानं. सोमवारीच प्लास्टर निघणार होतं, आणि ते निघालं की सासूबाई सोयगावला, जिथं टॅब नाही की लांडगा दिसावा अशी कोणाची इच्छा नाही. पिल्लं चालती होऊन नदीपलीकडच्या रानात पोचली, तरच ती वाढली असं गेम धरायचा. रविवारच्या आत ती पोचायला हवी होती.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, दोन दिवस वाढवून दे गं. द्वारकाबाई म्हणाल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच टॅब त्यांच्या हातात होता, आणि बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडली होती.

"सव्वा महिना झाला वाटतं?" नानासाहेबांनी विचारलं.

"माणसाचा नेम जनावराला लावला, ती चूक झाली. आता नाय."

इतकंच. चूक झाली हे इतक्या कमी शब्दांत मान्य करणारं माणूस दीपमालेनं गटात पाहिलं नव्हतं, नात्यात तर नाहीच. हप्ता चुकला तर बायका आधी पावसाला नावं ठेवायच्या, मग जावयाला.

पण आई शिकारीला गेली की बिळाशी राखण कोणाची? मेघानं सांगितलं, दुसऱ्या फोनवरून आणखी एक जण टोळीत येऊ शकतो. तिला स्वतःला अभ्यास आहे. द्वारकाबाईंनी सुनेकडं पाहिलं नाही. वर फिरणाऱ्या पंख्याकडं पाहून त्या म्हणाल्या, "जनावरालाबी जाऊबाई लागतीच म्हणायची."

दीपमालेनं पंखा, सासू आणि हातातली कणीक यांचा क्षणभर विचार केला. मग हात धुऊन फोन आणला. पंधरा वर्षांत पहिलं मागणं, तेही पंख्याकडं! हे कुठल्या बाजूला लिहायचं, ते तिला कळेना.

तिची लांडगीण तांबूस होती आणि पहिल्याच दिवशी नदीत पडली.

"दगडासारखी काय उभी राहती? बिळाच्या तोंडाशी बस. तिथं नाय, वाऱ्याच्या तोंडाला. वास यायला नको व्हय?"

"आत्याबाई, फोनमधून कसला वास?"

"ते पांढरं पांढरं उडतंय ना, तोच वास. मेघानं दावलंय मला."

दीपमाला राखण करायची आणि सासूचं काम बघायची. कामच बघण्यासारखं होतं. द्वारकाबाई उगाच धावायच्या नाहीत. कळप हलवून बघायच्या. कोणी मागं पडलं नाही तर सोडून द्यायच्या, राग न धरता. मांस घेऊन आल्या की आधी सगळ्यात बारक्याला. आडदांड पिल्लू मध्ये घुसलं तर त्याला तोंडानं बाजूला सारायच्या आणि पडद्याबाहेर त्याला म्हणायच्या, "तू दांडगा हायेस, तुझं तू बघशील." दीपमालेनं गटात कर्जवाटप केलं होतं, आधी ओरडणाऱ्याला मिळतं, हे तिला माहीत होतं. इथं तसं चालत नव्हतं.

शनिवारी कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून ती गॅस बंद करायला आत गेली. परत आली तेव्हा आकाशातून गरुड खाली येऊन गेला होता. बिळाशी दोनच पिल्लं. गेलं ते बारकंच.

ती फोन हातात धरून उभी राहिली. आता ऐकून घ्यायचं होतं. तिनं मनाची तयारीही केली. द्वारकाबाईंनी पडदा बघितला, तोंडातलं मांस बिळाशी टाकलं. "दोन हायेत अजून," म्हणाल्या. "ये, बस." त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दीपमालेला रात्रभर वाटत राहिलं.

रविवारी दुपारी पिल्लांच्या पट्ट्या जवळजवळ भरल्या. एक शेवटचं पोटभर जेवण, की ती नदी ओलांडायला मोकळी. द्वारकाबाईंची लांडगीण लांब डोंगरापलीकडं गेली होती, तिनं हरीण पाडलं होतं, मांस तोंडात घेऊन ती निघाली होती. आणि इकडं बिळासमोर झाडीतून अस्वल बाहेर आलं.

नेमक्या त्याच वेळी खालून लीलाबाईंची हाक आली. "दीपमाला! अगं पाणी आलं, पाणी!"

नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही त्याच्या मर्जीनं. ते आलं की गल्लीत देवाच्या आरतीतून माणसं उठायची. मोटार लावायची, पाइप ओढायचा, ड्रम, हंडे, बादल्या, घागरी, पातेलीसुद्धा. या घरात ते काम एकट्या दीपमालेचं होतं. हाक ऐकताच तिचे पाय आपोआप उठले.

"जा तू," द्वारकाबाई म्हणाल्या. नजर पडद्यावर, अंगठा चालतच होता. "पाणी सोडू नको."

"अन् पिल्लं?"

"म्या येतेच तोवर."

त्या पोचणार नव्हत्या. नकाशावर दोघींच्यामध्ये अख्खा डोंगर होता, हे दीपमालेला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत होतं. सगळा आठवडा त्या बाईनं याच एका गोष्टीवर लावला होता, आणि आता हातचं सोडून देताना तिनं आवाजसुद्धा वर केला नव्हता. दीपमाला पुन्हा बसली.

"मामा!" ती जिन्याकडं तोंड करून ओरडली. "पेपर ठेवा. बादल्या मोरीत आहेत. मोटारीचं बटण मीटरखाली, लाल. पळा!"

या घरात नानासाहेबांना अशा आवाजात कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यामुळं नाही म्हणायचं कसं, हेच त्यांना सुचलं नाही. बादल्यांचा खडखडाट जिन्यावरून खाली गेला.

"आत्याबाई, ते आलं! काय करू?"

"तोंडासमोर जाऊ नको. मागनं जा. मागच्या पायाला चाव अन् मागं सर."

दीपमालेनं चावा घेतला. अस्वल गर्रकन वळलं.

"सर! सर मागं! वळू दे त्याला. आता परत बिळाकडं बघंल, परत चाव. आमची कुत्री असंच करायची."

"आत्याबाई, मला मारलं त्यानं!"

"हायेस ना जित्ती? मग चाव."

मेघा भूगोलाचं पुस्तक टाकून दिवाणाच्या पाठीवर चढली होती. तांबूस लांडगीण लंगडायला लागली, तिची पट्टी अर्धी झाली, पाव झाली. अस्वल दर वेळी बिळाकडं दोन पावलं टाकायचं आणि दर वेळी ओरडून मागं वळायचं. खालून मोटारीचा घरघराट आला, थांबला, परत आला. कोणीतरी नानासाहेबांवर ओरडत होतं. दीपमालेच्या कपाळावरून घाम ओघळून फोनवर पडला. तिनं तो कोपरानं पुसला आणि पुन्हा चावली.

डोंगराच्या खिंडीतून राखाडी लांडगीण उतरली. तोंडातलं मांस तिनं वाटेतच टाकलं आणि सरळ अस्वलाच्या अंगावर गेली. दोन तोंडं दोन बाजूंना झाल्यावर अस्वलाला हिशेब परवडेना. ते झाडीत निघून गेलं.

"मांस आणते," द्वारकाबाई म्हणाल्या, जणू दळण विसरलं होतं.

पिल्लांनी खाल्लं, पट्ट्या भरल्या. द्वारकाबाईंनी त्यांना पुढं घातलं आणि नदीत उतरवलं. दांडगं सरळ पोहत गेलं. दुसरं मध्येच वाहायला लागलं तेव्हा मानेला धरून पलीकडं नेलं. पलीकडच्या गवतात दोघांनी अंग झाडलं. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली, कुठून तरी लांडग्यांची लांब आरोळी उठली, आणि मेघानं आजीच्या गळ्यात उडी मारली.

"पाय! अगं माझा पाय!"

नानासाहेब वर आले ते गुडघ्यापर्यंत भिजलेले. दोन बादल्या आणि एक हंडा. "ड्रम राहिला. बटण सापडेस्तोवर नळ गेला. लीलाबाई विचारत होत्या, सून का नाय आली. म्हणलं, लांडगीण बाळंत झालीय घरात."

"अन् काय म्हणाल्या?" दीपमालेनं विचारलं.

"काय म्हणणार? दोन घागरी देते म्हणाल्या त्यांच्यातल्या."

दीपमालेला दिसत होतं, उद्या सकाळपर्यंत हे भाजीमंडईपर्यंत जाणार. पाण्याच्या दिवशी पाणी सोडून फोनवर बसलेली बाई म्हणून आता आठवडाभर लोक तिला मोजणार. मोजू देत. तिनं फोन खाली ठेवला आणि कमरेला पदर खोचला. भांडी आज घासायची नाहीत, वरणभातावर भागवायचं, हे ठरवत ती उठली.

"कुठं निघालीस?" द्वारकाबाईंनी विचारलं. टॅब त्यांनी खाली ठेवलाच नव्हता.

"पाण्याचं बघते. झालं ना आता? पोचली ना पिल्लं?"

"पिल्लं पोचली. ती तुझी तांबडी बिळाशीच हाय अजून. लंगडतीय. रात पडाय लागली तिकडं."

"राहू दे हो आत्याबाई. संपला गेम."

"एकटी कशी राहू देऊ?"

आणि राखाडी लांडगीण पिल्लांना गवतात सोडून पुन्हा नदीत उतरली, उलट्या अंगानं, अलीकडच्या काठाकडं. दीपमाला उभीच होती. मग पदर सोडून ती दिवाणाच्या कडेला बसली, फोन उचलला आणि तांबडीला उठवलं.

"हळू," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्या मागं चाल. पाणी कुठं उथळ हाय, ते दावते."