तोंडावरचा हात

त्रेचाळिसाव्या वर्षी दातांना तारा लावून घेणं म्हणजे काय, ते ज्याने लावून घेतल्यात त्यालाच विचारावं. बाकीच्यांनी उगाच "अगं, आजकाल सगळेच लावतात" असं म्हणायला येऊ नये. चिमीला असं म्हणणारे पहिल्या आठवड्यात अकरा जण भेटले आणि त्यातल्या एकाच्याही तोंडात तार नव्हती.

चिमी हे तिचं घरातलं नाव. चष्म्याच्या दुकानात सगळे तिला मॅडम म्हणत, आणि एकवीस वर्षं त्याच काउंटरमागे काढलेल्या बाईला मॅडम म्हणायलाच हवं. लग्न केलं नव्हतं; त्यावर नातेवाइकांनी पुरेशी चर्चा करून ठेवली आहे, आपण त्यात भर घालायला नको. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात आता ती आणि अप्पा, म्हणजे तिचे वडील, दोघंच.

तारा काही हौसेने लावल्या नव्हत्या. खालचे पुढचे चार दात एकमेकांवर चढून बसले होते आणि वरच्या दातांचा मार खाऊन तिथल्या हिरड्या सोलवटल्या होत्या. दातांच्या डॉक्टरीणबाई वयाने चिमीच्या भाचीएवढ्या. एक्स-रे उजेडात धरून त्या म्हणाल्या, "असंच ठेवलंत तर पन्नाशीच्या आत हे चारही हातात येतील."

"आणि तारा लावल्या तर? बोलताबिलता येईल ना?"

"हो तर. पंधरा दिवसांत सवय होईल."

चिमीला हसावं की रडावं कळेना. नवीन चष्मा चढवून पायरी चुकणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती स्वतः हेच वाक्य अगदी ह्याच सुरात सांगत आली होती.

पंधरा दिवस झाले. सवय कसली, डोंबल! तारेचं टोक गालात रुतून फोड आला. त्यावर लावायला मेणाची गोळी दिली होती, ती पहिल्या घासाबरोबर पोटात गेली. ओठ मिटायचे म्हटलं की आतून ढकलल्यासारखं व्हायचं. तोंड स्वतःचं, पण आत कोणीतरी सामान रचून कुलूप लावून निघून गेलंय आणि किल्ली काही आपल्याकडे नाही, अशी तिची गत झाली. दुकानात चष्म्याच्या दांड्या वाकवायचा बारीक चिमटा दिवसभर हातात असायचा. तो पाहून तिच्या मनात दहादा यायचं, हाच घालावा तोंडात आणि एकदाचं सगळं उपटून टाकावं.

काम तरी कसलं, तर लोकांच्या तोंडासमोर तोंड न्यायचं. नाकावरची गादी नीट बसली का, दांडी कानामागे टोचते का, दोन बुबुळांमधलं अंतर किती, हे सगळं वीतभर अंतरावरून बघावं लागतं. तिने मास्क लावायला सुरुवात केली. "मॅडम, तुमची सर्दी काही जात नाही हो," असं म्हणून एका आजोबांनी तिला स्वतःकडची खोकल्याची गोळी काढून दिली. तिने ती मुकाट्याने खिशात टाकली.

दुकानात मास्कने भागलं. घरात मास्क कसा लावणार? घरात तिने हात लावला. बोलायची वेळ आली की डावा हात आपोआप तोंडावर जायचा.

आणि सगळी माती झाली ती ह्या हातामुळे. का, ते सांगायचं तर अप्पांबद्दल सांगायला हवं.

अप्पांनी एकतीस वर्षं कापडगिरणीत मागांवर काढली. तीनशे माग एका छताखाली धडधडायला लागले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. त्यामुळे तिथले सगळे कामगार नुसत्या ओठांनी बोलायचे. आवाज काढायचाच नाही. एकेक शब्द ओठांनी सावकाश करून दाखवायचा आणि समोरच्याने तो डोळ्यांनी वाचायचा. ह्या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला घरची खुशाली विचारायचा, मुकादमाची नक्कल करायचा आणि अख्खी रांग हसायची. एकतीस वर्षांत कान पार गेले, ओठ वाचायची कला तेवढी राहिली. कानातलं यंत्र आणून झालं. "ह्यात परत माग ऐकू येतात," म्हणून अप्पांनी ते कपाटात टाकलं ते टाकलंच.

चिमी ही बोली अंगणात खेळावं तशी शिकली होती. थोरल्या दादाला कधी जमली नाही; तो अप्पांशी बोलायचा म्हणजे घसा फोडून ओरडायचा आणि अप्पा "बरं बरं" म्हणून मान हलवायचे. आई गेल्यावर दादाने अप्पांना आपल्याकडे न्यायचा विषय दोनदा काढला होता. त्याचं घर मोठं, माणसं चांगली, पण तिथे अप्पांशी बोलणारं कोणी नव्हतं. म्हणून अप्पा चिमीकडे होते.

संध्याकाळी दुकानातून आल्यावर चहाचे कप घेऊन दोघं खिडकीशी बसायची आणि ती दिवसभराची गिऱ्हाइकं एकेक करून त्यांच्यापुढे उभी करायची. ही फ्रेम लहान दिसते, ती मोठी दिसते करत दोन तास आरशापुढे बसून शेवटी जुनाच चष्मा घालून गेलेल्या बाई. डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा हरवल्याची तक्रार घेऊन आलेले वकील. आवाज कुठेच नाही. समोरच्या गच्चीवरून बघणाऱ्याला वाटायचं, ही दोघं गप्प बसलीत आणि मध्येच वेड लागल्यासारखी हसतात. चिमीला दिवसभरात खरं बोलल्यासारखं वाटायचं ते एवढ्याच तासात. अप्पा नसते तर त्या घरात तिला भिंतींशीच बोलावं लागलं असतं, आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

मग तारांचं अप्पांना सांगितलं का नाही? अहो, लाज! गेल्या वर्षी तिने केस रंगवले तेव्हा अप्पांनी "ह्या कोण पाहुण्या आल्यात?" म्हणून आठवडाभर पिच्छा पुरवला होता. आता त्रेचाळिसाव्या वर्षी शाळेतल्या पोरीसारख्या तारा! चार दिवसांनी, जरा नीट बोलता यायला लागलं की सांगू, असं तिने ठरवलं. चार दिवसांचे दहा झाले, दहाचे वीस, आणि आता सांगायचं म्हणजे इतके दिवस का लपवलं तेही सांगावं लागणार. ती स्वतःच रचलेल्या भानगडीत अडकली.

तिने कागदावर लिहून ठेवायला सुरुवात केली. "भात झाकून ठेवला आहे." "दुधाचे पैसे डब्यात आहेत." अप्पांनी दुसरी चिठ्ठी वाचली आणि उलटी करून कपाखाली ठेवली. "मी काय सरकारी कचेरी आहे?" ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते बोलायचे ते खणखणीत. चिमीने तोंडावर हात ठेवून काहीतरी म्हटलं. अप्पांनी त्या हाताकडे बघितलं आणि विषय सोडला.

जेवायलाही ती एकत्र बसेना. घास तारांत अडकायचा, मग अर्धा तास आरशासमोर बारीक ब्रशने उकरत बसा. "तुम्ही जेवून घ्या, मी नंतर," अशी खूण करून ती स्वयंपाकघरात जायची आणि ओट्याशी उभ्याने मऊ भात आणि कुस्करलेलं केळं गिळायची.

तिसऱ्या आठवड्यात ती तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली. "काढून टाका," म्हणाली. "नाही सहन होत मला."

"काढते की, दहा मिनिटांचं काम आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण दात आता जागचे हललेत. मध्येच सोडले तर ना इकडचे ना तिकडचे. पूर्वीपेक्षा लवकर पडतील."

म्हणजे पुढे जायची सोय नाही आणि मागे यायचीही नाही. ती खुर्चीवरून उठली, मास्क लावला आणि दुकानात येऊन एका मास्तरांच्या चष्म्याचा स्क्रू बसवायला लागली. तो हातातून तीनदा पडला.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडून पुढची तारीख कळवायला फोन आला. ती सवयीने तोंडावर हात धरून बोलत होती आणि अप्पा दारात उभे होते.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

हात तसाच ठेवून तिने मान हलवली. कोणी नाही.

त्यानंतर अप्पांनी संध्याकाळी खिडकीशी बसणं बंद केलं. चहा घ्यायचे आणि आपल्या खोलीत जायचे. चिमीला वाटलं, आपलं बोलणं कळत नाही म्हणून कंटाळले असतील. तिला वाईट वाटलं आणि खोटं कशाला बोला, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

पाचव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, दादा गाडी घेऊन दारात हजर.

"असा अचानक?" तिने विचारलं.

"अचानक काय? अप्पांना न्यायला आलोय. तुला माहीत नाही?" दादाचा चेहरा पडला. त्याने मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. अप्पांनी एका बोटाने लिहिलेला मेसेज असा होता: चिमीला माझं ओझं झालं आहे. माझ्यादेखत तोंडावर हात धरून बोलते. रविवारी येऊन मला घेऊन जा. तिला काही विचारू नकोस.

"तोंडावर हात म्हणजे काय गं?" दादाने विचारलं. "मला काही कळलंच नाही."

चिमीलाही कळलं नाही. पण अप्पा आतून आले होते. स्वच्छ सदरा, हातात बॅग, आणि ती बॅग त्यांनी आजची भरलेली नव्हती हे तिला दिसलं. खुर्चीवर बसून त्यांनी बॅग मांडीवर घेतली.

"भांडायचं नाही," ते दादाला म्हणाले. "तिने पुष्कळ केलं. पण मी मागांवरचा माणूस आहे. आमच्यात सगळ्यांना सगळ्यांचे ओठ वाचता यायचे, तेव्हा कोणी तोंडावर हात धरून बोलला की समजायचं, बोलणं आपल्याबद्दल चाललंय आणि ते काही चांगलं नाही. एका वर्षी दोन मुकादम दारात उभे राहून तोंडावर हात धरून बोलत होते. मी चौथ्या मागावरून बघत होतो. आठ दिवसांनी आमच्यातल्या चाळीस जणांना घरी बसवलं." त्यांनी चिमीकडे बघितलं नाही. "तिने पाच आठवडे हात धरला. मी काय तिने जा म्हणून सांगायची वाट बघत बसू?"

चिमीला आत्ता कुठे उलगडलं. अरे देवा, काय करून बसलो आपण! ह्या माणसापासून लपवायचं होतं ते तोंड, आणि ह्या माणसाला आपलं बाकी काही ऐकूच येत नाही. ती अप्पांच्या समोर खाली बसली. त्यांनी मान फिरवली, तिने त्यांचा गुडघा धरून हलवला. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आ केला. तारा, वरचे-खालचे चौकोनी तुकडे, ओढून बांधलेले रबर, गालातला फोड, सगळं.

अप्पा बघत राहिले. खिशातून चष्मा काढला, तिनेच बसवून दिलेला, आणि जवळ वाकून परत बघितलं.

"हे काय घातलंस तोंडात?"

"तारा."

"काय?"

"तारा. दातांच्या. मला लाज वाटत होती, अप्पा. तुमच्याबद्दल काही नव्हतं. एक शब्द नव्हता."

अप्पांचे डोळे तिच्या ओठांवर होते आणि कपाळाला आठ्या. "नाही कळत," ते म्हणाले. "ओठ कुठेतरी भलतीकडेच जातात."

"लाज वाटत होती म्हणते!" दादा त्यांच्या कानाशी ओरडला. "लाज!"

अप्पांनी त्याला हाताने बाजूला केलं. "तू गप रे. ती बोलतेय ना."

चिमीला रडू आवरेना. तार ओठाच्या आत अडकली, तिने ती जिभेने सोडवली, तोंडात रक्ताची चव आली. "जाऊ नका," ती म्हणाली. अप्पांनी मान हलवली, नाही कळलं. "जाऊ नका," तिने ओठ ताणून पुन्हा म्हटलं.

"पाणी हवंय?"

तिने जोरजोरात मान हलवली. "जाऊ नका, अप्पा."

दादाने घड्याळ बघितलं. बिचारा पहाटे निघाला होता आणि परत तेवढंच जायचं होतं. "अप्पा, ऊन व्हायच्या आत निघू या. ती म्हणतेय की..."

"तू नको सांगू," अप्पा म्हणाले. "तिच्या तोंडून कळू दे." त्यांनी मांडीवरची बॅग जमिनीवर ठेवली, चिमीची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. "दुखतं?"

तिने मान हलवली. हो.

"किती दिवस आहे हे?"

तिने दोन बोटं दाखवली.

"दोन दिवस?"

नाही.

"दोन महिने?"

नाही.

अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग दाराशी गाडीची किल्ली हातात घेऊन उभ्या असलेल्या दादाकडे.

"मग तू दोन वर्षांनी ये," ते त्याला म्हणाले, आणि चिमीची हनुवटी आणखी थोडी उजेडात घेतली. "हं. सावकाश. परत बोल."