न आलेला वारा

तंबूवाल्याची बायको गेल्याला वर्ष होत आलं होतं, आणि तेवढ्या काळात त्याची चांगली चांगली गिऱ्हाइकं तुटली होती. कामात खोट नव्हती. मेखा पूर्वीइतक्याच खोल जात होत्या, दोर पूर्वीइतकेच ताठ होते. खोट होती ती बोलण्यात. धंदा दोघांचा, आणि कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती: वारा त्यानं बघायचा आणि ‘नाही’ तिनं सांगायचं.

वाऱ्याच्या जोराची शून्य ते बारा अशी मापपट्टी असते. शून्याला धूर सरळ वर जातो, तिनाला पानं थांबायचं नाव घेत नाहीत, चाराला रस्त्यावरची धूळ नि कागद उडतात, पाचाला लहान झाडं डोलतात, सहाला छत्री हातात टिकत नाही आणि साताला सबंध झाडच्या झाड हलतं. पाचापर्यंत त्याच्या तंबूला काळजी नव्हती. सहाला तो कपाळाला आठ्या घालायचा. साताला मात्र कापडाखाली माणूस उभं राहू द्यायचा नाही, मग तो मंत्री असो की नवरामुलगा. पण हे लोकांना सांगायची वेळ आली की तो नुसते आकडे सांगायचा. “ताशी पन्नास किलोमीटरच्या वर झोत आहेत, जमणार नाही.” ऐकणाऱ्याला वाटायचं, याला कामच नकोय. तिची तऱ्हा वेगळी. “ताई, त्या दिवशी केकवरची मेणबत्तीसुद्धा पेटायची नाही. रविवार घ्या ना, रविवारी पानही हलणार नाही.” गिऱ्हाईक तारीख बदलायचं आणि वर तिचेच आभार मानायचं.

त्यामुळे मुलाचा फोन आला आणि सासऱ्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला बागेत तंबू हवाय असं तो म्हणाला, तेव्हा तंबूवाल्याला मनापासून बरं वाटलं. मुलगा लग्नानंतर सासुरवाडीच्या गावातच नोकरीला होता. येणंजाणं कमी झालं होतं. भांडण नव्हतं, पण बोलायलाही फारसं काही उरलं नव्हतं. आई होती तोवर फोन तिच्या हातात असायचा आणि बापाच्या वाट्याला शेवटचं “बाबा बरे आहेत ना?” एवढंच यायचं. आता निदान दोन दिवस मुलाच्या आसपास राहता येणार होतं. त्यानं गोदामातलं सगळ्यात नवं, पांढरं कापड काढलं आणि स्वतःसाठी एक निळा शर्ट घेतला. दुकानदारानं विचारलं, काही विशेष का? तर हा म्हणाला, मुलाकडे जायचंय.

व्याह्यांचं घर चढावर होतं, बागेच्या तिन्ही बाजू मोकळ्या. आदल्या दिवशी त्यानं दोन कामगारांना घेऊन तंबू उभा केला. व्याही निवृत्त झालेले, हौशी आणि जरा मोठ्यानं बोलणारे गृहस्थ. ते दर थोड्या वेळानं येऊन खांबाला हात लावून जात आणि शेजाऱ्यांना हाक मारून दाखवत. विहीणबाई शांत होत्या. त्यांनी चहा पाठवला आणि खिडकीतून बघत राहिल्या. संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला, तंबूभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “झकास झालाय.” तंबूवाल्याला तेवढं पुरलं.

सकाळी उठल्या उठल्या त्यानं अंदाज बघितला आणि त्याचा चहा तसाच राहिला. दुपारी जेवणाच्याच वेळेला वारा वाढणार होता. सरासरी ताशी अठ्ठावीस, पण झोत साठीच्या घरातले. तो बागेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. खालच्या गल्लीत कुणाच्या तरी धुराड्यातून निघालेला धूर आताच आडवा पडत होता. खिशातलं वारा मोजायचं चक्रीचं यंत्र त्यानं डोक्यावर धरलं; आकडा अजून लहान होता, पण मधेच चक्री गरकन फिरायची आणि पुन्हा मंद व्हायची. हे मधेच फिरणं त्याला आवडलं नाही.

त्यानं व्याह्यांना सांगितलं की तंबू उतरवावा लागेल. व्याह्यांना आधी ती थट्टाच वाटली. मग त्यांनी आपला मोबाइल काढून त्याच्यापुढे धरला. त्यावर अठ्ठावीस हाच आकडा होता. ते म्हणाले, अठ्ठावीस म्हणजे काय हो, एखादा पोरगा सायकलसुद्धा यापेक्षा जोरात हाणतो. तंबूवाल्यानं समजवायचा प्रयत्न केला, की ती सरासरी झाली. तंबू सरासरीनं पडत नाही, तो एका झोतानं पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. त्यातून हे घर चढावर, तीन बाजूंनी उघडं. बोलता बोलता तो अडखळला, आकडे पुढेमागे झाले, आणि आपण हातावर पट्टी खाल्लेल्या शाळकरी पोरासारखे दिसतोय हे त्यालाही कळलं. व्याही म्हणाले, पाहुणे निघालेत, टेबलं मांडलीत, आणि तुम्ही आताच छप्पर काढणार? वारा आला तर तेव्हा काढा. त्यावर तो एवढंच म्हणाला, की वारा आल्यावर काढता येत नाही, आधीच काढावं लागतं.

मुलानं त्याला घराच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं रिकाम्या खोक्यांची चळत होती आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता.

“बाबा, आजच्या दिवस तरी. मेखा आणखी ठोका, दोर वाढवा, काय हवं ते करा.”

“ठोकल्या असत्या रे. प्रश्न मेखांचा नाही.”

“चारचौघांत असं तोडून सांगतात का? आई असती तर तिनं यांना नीट सांगितलं असतं.”

मुलगा बोलला ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते आत कुठेतरी जाऊन बसलं.

“हो,” तंबूवाला म्हणाला. “तिनं नीट सांगितलं असतं. पण उतरवायलाच सांगितलं असतं.”

आणि त्यानं कामगारांना हाक मारली.

उभा करण्यापेक्षा तंबू उतरवणं जिवावर येतं. त्यातून लोक बघत असले की हात जड होतात. पाहुणे फाटकातून आत येत होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पांढरं कापड फुगून, फसफसून खाली बसत होतं. कुणीतरी विचारलं, आत्ताच संपला का कार्यक्रम? टेबलं, खुर्च्या, फुलं, सगळं घरात न्यावं लागलं. दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा उरली नाही. निळ्या शर्टाला कोपरापाशी मातीचा पट्टा आला होता, तो त्यानं ओल्या हातानं पुसला तर आणखी पसरला.

आणि मग वारा आला नाही.

ढग आले, अंगणात थोडी सावली धरली, एकदा कुंपणाजवळचं झुडूप उगाच हलल्यासारखं झालं. बस. जेवणं सुरू झाली तेव्हा झाडं चित्रातल्यासारखी उभी होती. आत उकडायला लागलं. व्याह्यांच्या एक वयस्कर मावशी होत्या, जिभेच्या तिखट. त्या हातरुमाल घेऊन पायरीवर गेल्या, दोन बोटांत धरून तो सगळ्यांना दाखवला. रुमाल सरळ खाली लोंबत होता.

“व्याहीबुवा, तुमचं वादळ पत्ता चुकलं वाटतं,” त्या म्हणाल्या.

घर हसलं. तंबूवालाही हसला, न हसून काय करतो? व्याही हसले नाहीत, ते जास्त लागलं. मग कुणीतरी चार खुर्च्या बाहेर नेल्या, मागोमाग सगळेच बाहेर गेले, आणि उघड्या आकाशाखाली हिरवळीवर मंडळी ताटं घेऊन मजेत बसली. तंबूवाला दाराशी ताट घेऊन उभा राहिला. त्याची नजर झाडांच्या शेंड्यांवरच होती. एक जोराचा झोत यावा असं त्याला वाटत होतं, आणि खाली पोरंबाळं खेळताना असं वाटावं याची लाजही वाटत होती.

पाहुणे पांगल्यावर तो कापड आवरायला गेला. कामगारांना त्यानं लवकर सोडलं होतं. इतकं मोठं कापड दोघांनी समोरासमोर धरून, चालत जवळ येत घडी घालायचं असतं. मुलगा आला, न बोलता दुसरं टोक धरलं. पहिली घडी वाकडी झाली. दुसरी बरी झाली. तेवढ्यात आतून कुणी फोटोसाठी हाक मारली आणि तो “आलोच” म्हणून गेला. तंबूवाल्यानं जरा वाट पाहिली. मग कापड जमिनीवर अंथरलं, एका कडेवर पाय देऊन उरलेल्या घड्या एकट्यानंच घातल्या.

गाडीत सामान चढवताना विहीणबाई डबा घेऊन आल्या. डबा त्याच्या हातात देऊनही त्या गेल्या नाहीत.

“मला काल रात्रभर त्या कापडाचा फडफडाट ऐकू येत होता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “छातीत धडधडत होतं. उतरवलंत ते बरं केलंत.”

त्यानं मान डोलावली. हे वाक्य दुपारी दिवाणखान्यात बोललं गेलं असतं तर, असं त्याच्या मनात आलं. पण त्या घरात त्यांचा आवाज किती चालत असेल, हेही त्यानं दोन दिवसांत पाहिलं होतं. तो म्हणाला, “विहीणबाई, डबा पोचवतो परत.” त्या म्हणाल्या, सावकाश.

घरी पोचून त्यानं दिवा लावला, डबा ओट्यावर ठेवला आणि शर्ट भिजत घातला. दुसऱ्या माणसाचा काही आवाज नसला की नळाचं पाणीसुद्धा केवढं वाजतं. हात पुसत असताना फोन वाजला. मुलगा होता.

“पोचलात का?”

“आत्ताच.”

“जेवलात?”

“जेवेन. डबा दिलाय तुझ्या सासूबाईंनी.”

इथं त्यांचा फोन नेहमी संपायचा. आज दोघंही धरून राहिले. पलीकडे कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. मग मुलगा म्हणाला की रविवारी तो नि बायको तळ्यावर होडी घेऊन जायचं म्हणतायत. भाड्याची, वल्ह्यांची, लहानशी.

“कशी असेल हवा?”

तंबूवाला खिडकीपाशी गेला. सकाळी वारा मापपट्टीवर चाराच्या आत असेल, पण अकरा वाजल्यानंतर वाढेल, असं त्यानं सांगितलं. मग वाटलं एवढ्यानं काही कळायचं नाही, म्हणून म्हणाला, पाण्यावर पांढरे फेसाळ तुरे अधूनमधून दिसायला लागले की होडी वळवायची, सगळीकडे दिसेपर्यंत थांबायचं नाही. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर परत येताना तो पाठीशी असेल. काठालगत राहा. सूनबाईला तरंगायचं जाकीट घालायला लाव, तूही घाल. पलीकडून “हं, हं” येत होतं. आपण फार बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं, तो थांबला.

“सांगा ना,” मुलगा म्हणाला. “ऐकतोय मी.”

तंबूवाल्यानं खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि तळ्याच्या पलीकडच्या टेकडीवरून वारा कसा खाली उतरतो, ते सांगायला लागला.