वॉर्निश आणि शेवटची बस

हे मी सांगितलं तर कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचासुद्धा बसला नसता. पण खुर्च्या मीच रंगवल्या होत्या, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

"माझा नाही बसत, आधीच सांगून ठेवतो," शेजारचा न्हावी म्हणाला. गिऱ्हाईक नसलं की तो कात्री खिशात घालून माझ्या सुतारकामाच्या दुकानात येतो आणि नेमका अर्धवट झालेल्या स्टुलावर बसतो.

वर शिडीवर ठिणगी माझ्या दिव्याची वायर बदलत होती. ठिणगी म्हणजे माझ्या भाचीची मुलगी, आता चांगली नावाजलेली वायरमन. तिने तोंडात स्क्रू धरले होते, त्यामुळे तिला बोलता येणार नव्हतं. तिचीच गोष्ट सांगायला याहून चांगला मुहूर्त कुठला?

तर तेव्हा ही वीजकामाच्या संध्याकाळच्या वर्गाला जायची. वर्ग सुटायच्या आधीच आमच्या वस्तीकडची शेवटची बस निघून जायची. मग पोरगी कधी पायी यायची, कधी कुणाच्या सायकलमागे बसून. तिचे वडील, आमचे जावई, शिंपी आहेत. माणूस बोलतोसुद्धा मापात. त्यांनी एकदाच सांगितलं, "बसचं काही जमवून आण. आणखी एकदा उशीर झाला तर वर्ग बंद, आणि गुपचूप इथे काजं करायला बसायचं."

योगायोग बघा. नगरपालिकेने त्याच वर्षी तरुणांचं सल्लागार मंडळ नेमलं. तरुणांच्या प्रश्नांवर तरुणांनीच सल्ला द्यावा, अशी थोर कल्पना! ठिणगीचं नाव त्यात आलं. मंडळाला सभागृहातलं मागचं बाकडं मिळालं, गळ्यात घालायला ओळखपत्रं मिळाली आणि बोलायला पाळी मिळाली ती सगळ्यांत शेवटची. गटारं झाली, दिवाबत्ती झाली, एकमेकांची उणीदुणी काढून झाली, की मग तरुण.

आणि तोवर बस निघायची वेळ झालेली. म्हणजे शेवटची बस उशिरा सोडा, हे सांगायला आलेली पोरं ती बस चुकू नये म्हणून न सांगताच पळायची! दर सभेला हेच. अध्यक्षबाई रिकाम्या बाकड्याकडे बघून म्हणायच्या, "तरुणांचं काही म्हणणं दिसत नाही," आणि सभा संपवायच्या.

"हे मात्र खरं वाटतंय," न्हावी म्हणाला.

"घाई करू नकोस. अजून मी सुरुवात कुठे केलीय?"

आमच्या सभागृहाची एक जुनी रीत आहे. मत द्यायला तिथे हात वर करत नाहीत. ठरावाला ज्याचा विरोध असेल त्याने उभं राहायचं. कुणीच उभं राहिलं नाही तर ठराव मंजूर. जुन्या सभासदांचे गुडघे दुखायचे, म्हणून गावात निदान पाण्याची टाकी तरी झाली. पण आताच्या सभासदांत एक गृहस्थ होते, बसचं खातं त्यांच्याकडे. सगळे त्यांना स्प्रिंग म्हणत. ठराव कुठलाही असो, हे उभे! ते उभे राहिले की बाकीचेही उठायचे.

म्हणून सभेच्या दिवशी दुपारी मी सभासदांच्या खुर्च्यांना वॉर्निश दिलं. साधं नव्हे, माझं घरचं. आजोबांनी शिकवलेलं. त्याच्यावर एकदा एक माशी बसली होती. ती तिथेच म्हातारी झाली, पण उठली नाही.

"आणि सभासदांना कळलं नाही?"

"खुर्ची दिसली की बाकीचं कुणाला दिसतं, बाबा?"

सभा सुरू झाली. खिडकीबाहेर बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाकड्यावरच्या पोरांनी पिशव्या उचलल्या आणि ठिणगीकडे बघितलं. आज उशीर झाला तर वर्ग गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पिशवी खाली ठेवली. मग बाकीच्यांनीही ठेवल्या. बस निघून गेली.

"तरुणांचं काही म्हणणं—" अध्यक्षबाई सवयीने बोलू लागल्या आणि थांबल्या. बाकडं भरलेलं होतं.

ठिणगी उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही म्हणता, शेवटची बस रिकामी जाते. रिकामीच जाणार! आम्ही वर्गात असतो तेव्हा जाते ती. तुम्ही आमचा सल्ला मागितलात ना? मग हा घ्या. वर्ग सुटल्यावर बस सोडा. भरलेली नाही दिसली तर पुन्हा आम्हाला बोलावू नका."

"विरोध असेल त्यांनी उभं राहावं," अध्यक्षबाई म्हणाल्या.

स्प्रिंगनी जोर लावला. खुर्ची सोडेना! कान लाल झाले, कपाळाला घाम आला. बाकीच्यांनीही जोर लावला, पण खुर्च्या जमिनीला बोल्टने पक्क्या, आणि वॉर्निश माझं. कुठेतरी टर्रकन आवाज झाला. त्यानंतर ज्यांना उठता आलं असतं, त्यांनाही उठावंसं वाटेना. ठराव बिनविरोध मंजूर! दुसऱ्या दिवशी आमच्या जावयांच्या दुकानात फाटक्या पँटींचा असा ढीग पडला, की त्यांना लेकीवर रागवायला सवडच मिळाली नाही.

"आणि स्प्रिंग?" न्हावी पोट धरून हसत विचारत होता.

"ते होय? त्यांना तर खुर्चीसकट—"

शिडी करकरली. ठिणगीने तोंडातले स्क्रू तळहातावर काढले.

"मामाआजोबा, साफ खोटं! वॉर्निश तुम्ही त्या सभेच्या पुढच्या महिन्यात दिलंत, तेही माझ्याकडून डबा धरून घेऊन. स्प्रिंगकाका उभे राहिले होते. मी समोर होते ना! उभे राहिले, खिडकीतून रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, आणि आपणहून खाली बसले. चिकटले असते, तर आम्हाला स्वतःच्या गाडीत कोंबून घरोघरी सोडायला कोण आलं असतं? आणि बाबांसमोर हात जोडून 'उशीर माझ्यामुळे झाला' असं कोण म्हणालं असतं?"