न टेकलेला पाय

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण या माणसाचं पोट गेली अठरा वर्षं दुसऱ्यांच्या दातांवरच भरत होतं. दातांच्या दवाखान्यामागे त्याच्या दोन खोल्या होत्या. पहिल्या खोलीत प्लास्टरचे साचे आणि मेण असायचं, दुसरीत पॉलिशचं चाक. तिथे बसून तो कवळ्या बनवायचा. माणूस चोख होता. कवळी चावताना नेमकी कुठे टेकते हे बघायला तो निळ्या कागदाची पट्टी दातांत धरायला लावायचा आणि जिथे ठिपका उमटेल तिथेच, केसभर, घासायचा. त्यामुळे गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलंय असं फारसं घडत नसे, आणि याचा त्याला मनातून अभिमान होता.

त्याची मुलगी अकरा वर्षांची. स्वतःपेक्षा मोठी ओझी उचलायची खोड म्हणून घरात तिला मुंगी म्हणायचे. आई वाचनालयातून सुटेपर्यंत ती शाळेतून बाबाकडे यायची आणि प्लास्टरच्या टेबलाच्या कोपऱ्यावर गृहपाठ करायची. एका दुपारी तिथे एक म्हातारे गृहस्थ समोरच्या चार दातांची कवळी बसवून घ्यायला आले.

"तुमचे दात कसे पडले?" मुंगीने विचारलं.

"पडले नाहीत, दगडावर ठेवून आलो," म्हातारा म्हणाला. "मोटारसायकलवरून दगड चढत होतो. दगड जिंकला."

हे मास्तर. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत ते मुलांना आणि मोठ्यांना ट्रायल्स, म्हणजे मोटारसायकलने दगड चढायचा खेळ, शिकवायचे. मुंगीने त्यांना प्रश्न विचारून इतकं भंडावून सोडलं की जाताना ते म्हणाले, "रविवारी या दोघं. क्लबच्या जुन्या गाड्या आहेत."

बाबा गेला तो मुलीची हौस एकदा फिटावी म्हणून. पण खेळाचा नियम ऐकला आणि त्यालाच गोडी लागली. मास्तर म्हणाले, "इथे वेगाला किंमत नाही. दोन फितींच्या मधून दगडांवरून, मुळांवरून जायचं आणि पाय जमिनीला टेकायचा नाही. एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही टेकला तरी तीन. पडलात, थांबलात किंवा फितीबाहेर गेलात तर पाच. शेवटी ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो पहिला."

"म्हणजे इथे चुकण्याचेच गुण मिळतात," बाबा म्हणाला.

"आणि तुम्हाला भरपूर मिळतील," मास्तर म्हणाले, आणि नव्या दातांनी हसले.

तसंच झालं. त्या गाडीला बसायला सीट म्हणावी अशी नव्हतीच, सगळा कारभार उभ्याने. पहिल्या महिन्यात बाबा डबक्यात पडला, झुडपात पडला, आणि एकदा तर गाडी उभीच असताना पडला. मुंगी मात्र मांजरासारखी. गुडघे सैल, नजर पुढच्या दगडावर, आणि क्लचवर एकच बोट. खाणीत लोक त्यांना 'कवळीवाले' आणि 'कवळीवाल्यांची मुंगी' म्हणू लागले. चार महिन्यांत बाप-लेकीचा रविवार ठरूनच गेला.

मग क्लबची स्पर्धा आली. सकाळी मुलांची, दुपारी मोठ्यांची. फितींमधल्या प्रत्येक टप्प्याला, म्हणजे सेक्शनला, एक पंच लागतो, आणि एवढे पंच आणायचे कुठून, म्हणून मुलांच्या स्पर्धेला पालकांनाच उभं करायचे. मास्तरांनी बाबाला चौथ्या सेक्शनवर नेमलं. कोरड्या ओढ्यात दोन मोठे दगड, मध्ये एक वळण, मग उघडं पडलेलं झाडाचं मूळ. त्याच्या गळ्यात पंच म्हणून लाल पट्टा आणि हातात मुलांच्या गुणांच्या कार्डाला भोक पाडायचा चिमटा.

अडचण अशी होती की वर्षभरापूर्वीच्या स्पर्धेची एक गोष्ट त्याच्या कानावर आली होती. कुणा वडिलांनी म्हणे आपल्याच मुलाला सांभाळून घेतलं होतं. बेकरीवाल्या बाई ती गोष्ट हसत हसत सांगायच्या, "त्यांच्या लेकाचे पाय कधी जमिनीला लागायचेच नाहीत. साक्षात देवदूत." त्या बाईंची मुलगी मुंगीच्याच गटात होती. ते गृहस्थ पुन्हा खाणीत दिसले नाहीत. बाबाने आदल्या रात्रीच बायकोला सांगून ठेवलं होतं, "आपल्याबद्दल असं कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही."

तीनपैकी पहिल्या दोन फेऱ्या नीट गेल्या. मुंगीचा पहिल्या फेरीत दोनदा पाय टेकला, दुसऱ्या फेरीत एकदा. त्याने तसे गुण दिले, तिने ते घेतले.

तिसऱ्या फेरीला ओढ्याच्या काठावर गर्दी जमली होती. बेकरीवाल्या बाई होत्या, त्यांच्याभोवती आणखी पाचसहा पालक. मुंगी आत आली. पहिला दगड तिने लोण्यातून सुरी गेल्यासारखा पार केला. वळणही घेतलं. दुसऱ्या दगडावर मागचं चाक किंचित घसरलं, आणि नेमक्या त्या क्षणी बाबाने मान वर करून काठाकडे पाहिलं. लोक आपल्याकडे बघतायत का, एवढंच त्याला पाहायचं होतं. बघत होते. तेवढ्यात खरकन आवाज आला. त्याने मान वळवली तेव्हा मुंगी दगडाच्या पलीकडे पोचली होती, दोन्ही पाय जागेवर होते आणि दगडाच्या कडेला थोडी धूळ उडत होती.

ती बाहेर आली, गाडी थांबवली, हेल्मेट वर केलं. तिचा चेहरा फुलला होता.

बाबाने एक बोट वर केलं.

"बाबा, नाही टेकला."

"टेकला."

"नाही टेकला. मला माहितीये ना."

काठावरची बोलणी थांबली होती. बाबाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "टेकला. मी पाहिलं," तो म्हणाला. मोठ्याने, काठापर्यंत जाईल असा.

मुंगीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग कार्ड पुढे केलं. त्याने भोक पाडलं.

निकाल लागला तेव्हा मुंगीचे आणि बेकरीवाल्या बाईंच्या मुलीचे गुण सारखे भरले. अशा वेळी ज्याचे बिनचूक सेक्शन जास्त तो वरचा. बाईंच्या मुलीचा एक सेक्शन जास्त होता. ती तिसरी आली, मुंगी चौथी. पदकं तिघांनाच होती. तो एक गुण नसता तर मुंगी सरळ तिसरी.

इथवर कसंबसं निभलं असतं. पण बक्षिसं देऊन झाल्यावर मास्तरांनी पुन्हा भोंगा तोंडाला लावला. "आज एका पंचाबद्दल बोलायचंय. स्वतःच्या मुलीला त्यांनी सगळ्यांसमोर गुण दिला, आणि त्या गुणापायी तिचं पदक गेलं. पालक असावा तर असा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाल्या बाईंनी तर हात वर करून वाजवल्या. बाबाने खाली पाहिलं. शेजारी मुंगी उभी होती, आणि तीही टाळ्या वाजवत होती. हातमोजे न काढताच, त्यामुळे तिच्या टाळ्यांचा आवाज येत नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरंच टेकला होता?"

"नाहीतर मी कशाला देईन?" तो म्हणाला.

मुंगी बूट काढत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं क्लबच्या गाड्या धुवायला गेले. मुंगी पाण्याची नळी आणायला गेली तेव्हा तो तिच्या गाडीपाशी बसला. डाव्या फूटरेस्टचं टोक घासून चकचकीत झालं होतं आणि दात्यांमध्ये दगडाची पांढरी पूड अडकली होती. खरकन आवाज याचाच. पाय वर, फूटरेस्टवर, जिथे असायला हवा तिथेच होता. लोखंड दगडाला घासलं होतं.

त्याने खिशातून फडकं काढलं आणि ती पूड पुसून टाकली. दाते एकेक करून, कवळी साफ करावी तसे. पुसून झाल्यावर त्याला कळलं आपण काय केलं. जनाची लाज राखायला गेला होता, आता मनाचीही उरली नव्हती. मुंगी नळी ओढत आली तेव्हा तो दुसऱ्या बाजूचा चिखल काढत बसला होता.

त्यानंतरचे काही दिवस त्याला काम सुचेना. एका बाईंची कवळी त्याने दोनदा घासली आणि दोन्ही वेळा जास्त घासली. लोक भेटले की त्याच्या सचोटीबद्दल बोलायचे. दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोचली होती. तो हसून वेळ मारून न्यायचा. एकदा त्याने मनाशी म्हणून पाहिलं, एका गुणाचं काय एवढं, लहान मुलांची स्पर्धा ती. तेही पटेना.

आणि मग तो रविवार आला. मुंगी ओढ्यातच सराव करत होती, बाबा बाजूला उभा. ती एका दगडावरून उतरली, अगदी स्वच्छ, आणि थांबून तिने विचारलं, "टेकला का?"

"नाही."

पुढच्या दगडावर पुन्हा. "टेकला का?"

"नाही गं. तुला कळलं नाही?"

"मला आधी कळायचं," मुंगी म्हणाली. "आता नाही कळत. त्या दिवशी मला अगदी नक्की वाटलं होतं नाही टेकला. पण तू पाहिलंस ना. म्हणजे मला वाटतं ते खोटं असतं."

ती हे रागाने म्हणाली नाही. आजारी माणूस डॉक्टरला कुठे दुखतं ते सांगतो तसं सांगितलं.

बाबा दगडावर बसला. "मुंगी, गाडी बंद कर," तो म्हणाला. "मी पाहिलं नव्हतं."

तिने गाडी बंद केली.

"मी तेव्हा वर बघत होतो. लोकांकडे. आवाज आला म्हणून मी टेकला म्हणालो. दुसऱ्या दिवशी तुझ्या फूटरेस्टवर दगडाची पूड होती. तुझा पाय नव्हता टेकला. ती पूडही मी पुसून टाकली."

हेल्मेटच्या आत तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "म्हणजे मला बरोबर कळलं होतं."

"हो."

"आईलाही तू खोटं सांगितलंस."

"हो."

"मी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली, आणि मग रडली. त्याने जवळ जाऊन हात लावायचा प्रयत्न केला तर तिने खांदा झटकला. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "मास्तरांनी भोंग्यावर सांगितलं होतं. तू पण भोंग्यावर सांग."

बायकोला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. ती भांडली नाही. जेवताना तिने ताटं लावली, मुंगीशेजारी बसली, आणि एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं तेव्हा तरी सांगायचंस."

पुढच्या रविवारी सराव सुरू होण्याआधी त्याने मास्तरांकडून भोंगा मागून घेतला. तीसेक माणसं होती. त्याने आदल्या रात्री वाक्यं पाठ केली होती, ती सगळी विसरला.

"गेल्या स्पर्धेत मी माझ्या मुलीला एक गुण दिला," तो म्हणाला. "तिचा पाय टेकला नव्हता. मी पाहिलं म्हणालो, ते खोटं. मी बघतच नव्हतो."

कुणीतरी मागून विचारलं, "मग बघत काय होतात?"

"तुम्हाला," तो म्हणाला. "तुम्ही माझ्याकडे बघताय का, ते बघत होतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. मास्तरांनी भोंगा परत घेतला, त्याची तार नीट गुंडाळली, आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "निकालावर हरकत घ्यायची मुदत अर्धा तास असते. निकाल बदलणार नाही. गाड्या सुरू करा."

बेकरीवाल्या बाई नंतर जवळ आल्या. पदक परत करते म्हणतील अशी त्याला धास्ती होती. तसं त्या म्हणाल्या नाहीत. "माझ्या पोरीने तिचे गुण तिच्या पायांवर मिळवलेत," त्या म्हणाल्या. "पदक तिचंच. पण तुमच्या पोरीचं वाईट वाटलं." मग जरा थांबून, "आणि तुमचंही, पण थोडंच."

क्लबात दोन महिने थट्टा चालली. 'कवळीवाले, आता डोळ्यांचीही कवळी करा.' त्याने ती ऐकून घेतली. पंचाचा लाल पट्टा पुन्हा त्याच्या गळ्यात कुणी घातला नाही, आणि त्यानेही मागितला नाही. त्याला खुंट्या ठोकायचं आणि फिती बांधायचं काम मिळालं. ते तो चांगलं करायचा. बाकीच्या रविवारी स्वतः गाडी चालवायचा आणि पूर्वीसारखाच पडायचा.

मुंगी त्याच्याशी बोलत होती, हसतही होती, पण खाणीत काही दिवस तिने त्याला आपल्या दगडांजवळ उभं राहू दिलं नाही. "तू तिकडे जा," म्हणायची. तो जायचा. दुरून तिचं हेल्मेट वरखाली होताना दिसायचं. ती कुणाला काही विचारायला थांबत नव्हती, एवढं त्याला तिथूनही कळायचं.

पुढच्या स्पर्धेत ती सहावी आली. तो दिवसभर खाणीच्या दुसऱ्या टोकाला मोठ्यांच्या सेक्शनच्या खुंट्या ठोकत होता, तिची एकही फेरी त्याने पाहिली नाही. परत येताना गाडीत ती आपणहून सांगत सुटली. पहिल्या सेक्शनला चाक कसं अडकलं, तिसऱ्याला पंचकाकू कशा शिंकल्या, पाचव्याला ती कशी चक्क उलटी पडली. तो ऐकत होता. ओढ्यातल्या चौथ्या सेक्शनचं ती काही बोलली नाही. विचारावं असं दोनदा त्याच्या ओठांवर आलं, आणि दोन्ही वेळा त्याने पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. घर येईपर्यंत ती झोपून गेली होती, चिखलाचे बूट डॅशबोर्डला टेकवून.