जानरावांना केलेली मनाई

जानराव वारले ते हृदयाच्या झटक्याने. कंबरेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी बातमी कळली तेव्हा मृणालला आधी आठवली ती त्यांची कंबरच, आणि तिच्याभोवती आवळून बांधलेला पट्टा.

भिलाईत सेक्टर सातच्या बाजारात तिचा फिजिओथेरपीचा लहानसा दवाखाना होता. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून रिटायर होऊन जामुलला राहायला गेलेले जानराव सहा वर्षांपूर्वी कंबर धरून तिथे आले. तिने एमआरआयचा फोटो बघितला, मणक्यातली गादी सरकली आहे म्हणाली, शेक दिला, मशीन लावली आणि बजावलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. कॉलेजात शिकली होती तसंच तिने केलं. जानराव शिस्तीचे. दर महिन्याला येऊन विचारायचे, सायकल चालवू का, भाजीची पिशवी धरू का. एकदा दबक्या आवाजात म्हणाले, "नातीले कडेवर घेऊ का, मॅडम? वजन नाही काही तिचं." मृणालने फाईल लिहिता लिहिताच नाही म्हणून मान हलवली.

ते गेल्यावर चार महिन्यांनी रायपूरला एका प्रशिक्षणात तिच्या हातात एक लेख आला. पुष्कळ अभ्यास एकत्र तपासून लिहिलेला. साध्या कंबरदुखीत पडून राहिल्याने नुकसानच होतं, मशीनचा फारसा फायदा दिसत नाही, माणसाने चालावं, वाकावं, हळूहळू कामाला लागावं. सरकलेली गादी तर काहीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या फोटोतही सापडते. मृणालने लेखावरचं वर्ष बघितलं. जानराव पहिल्यांदा आले त्याच्याही आधीचं होतं. तिने कधी शोधलंच नव्हतं.

त्यानंतर जानराव पुन्हा दवाखान्यात येऊ लागले. भूतखेत मानणाऱ्यांतली ती नव्हती. पण दुपारी बाजार शांत झाला की पडद्यापलीकडच्या पलंगावर कोणीतरी जपून, लाकडासारखं ताठ, कुशीवर वळतंय असं वाटे. पडदा सारला की चादर सपाट. नव्या पेशंटला वाकू नका म्हणायला तोंड उघडलं की नजर पडद्याकडे जाई.

मग तिने तसं म्हणणंच सोडलं. रसमड्याच्या कारखान्यातला हेमराज कंबर वाकडी करून आला, तेव्हा तिने पायांची ताकद, बधिरपणा, सगळं नीट तपासलं. काही गंभीर नाही अशी खात्री झाल्यावर अर्धी बादली पाणी पुढे ठेवली आणि उचला म्हणाली. हेमराज घाबरला. बाकीचे सगळे तर आराम करा म्हणून राहिले, असं म्हणाला.

"मीही तेच सांगत होती," मृणाल म्हणाली. "चुकत होती."

तीन आठवड्यांत हेमराज ड्युटीवर गेला. मशीन लावत नाही म्हणून काही पेशंट दुसरीकडे गेले, बरेचसे टिकले आणि बरे झाले. मृणालला त्याने हलकं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. चालत बाहेर पडणारा प्रत्येक माणूस तिला सांगून जायचा की जानरावही असेच चालले असते. त्या दिवशी पडद्यामागची कूस जोरात वळायची.

शेवटी एका रविवारी सकाळी ती जामुलला गेली. जानरावांच्या बायकोने, कांताबाईंनी, चहा केला. ओट्यावर जवळच्या कारखान्यातली सिमेंटची धूळ बसली होती, ती पदराने झटकून दोघी तिथेच बसल्या. मृणालने काही न लपवता सगळं सांगितलं. कांताबाईंनी समोरच्या रस्त्याकडे बघत विचारलं.

"म्हणजे ते नातीले, आमच्या समृद्धीले, उचलू शकत होते?"

"हो, काकू. सुरुवातीला दुखलं असतं. पण उचलू शकत होते."

"ती रडे, तवा ते हात मागं बांधून उभे राहत." कांताबाईंनी कप खाली ठेवला. "हे मले सांगतलं नसतं तरी चाललं असतं, मॅडम. तुमचं ओझं उतरलं असन. माह्यावर आलं."

मृणाल निरोप घेऊन उठली. घरी परतताना तिने दोनदा स्कूटर थांबवली.

महिनाभराने कांताबाई दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या. सोबत त्यांची जाऊ मैनाबाई, कंबरेत ताठलेली, भिंत धरत धरत आलेली. कांताबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि मृणालकडे वळून सरळ बघितलं.

"हिले जे खरं आहे ते आजच सांगा. जे मालूम नाही, तेही सांगा."

मृणालने तपासलं. मग जे ठाऊक होतं ते सांगितलं. किती दिवसांत बरं वाटेल हे नक्की सांगता येत नाही, तेही सांगितलं. मग मैनाबाईंना उभं करून म्हणाली, वाका, जमेल तेवढं.

मैनाबाईंनी जावेकडे बघितलं. कांताबाईंनी हो म्हणून मान हलवली. मैनाबाई हळूहळू वाकल्या, गुडघ्यांपर्यंत, मग आणखी थोडं. कांताबाई उठल्या आणि तोंडाला पदर लावून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.