दारातली दुधाची पिशवी

"काकू, आठपर्यंत बाबांनी दुधाची पिशवी आत घेतली नाही, तर बेल वाजवायची. दार नाही उघडलं तर सरळ चावी लावायची. आणि काही झालंच, तर मला खरं सांगायचं. लपवायचं नाही."

ग्लासगोला परत निघताना जान्हवीने बाबांच्या घराची चावी समोर राहणाऱ्या वनमालाकाकूंच्या तळहातावर ठेवली होती. "सांगेन गं," काकू म्हणाल्या होत्या.

चातुर्मासात दर गुरुवारी पोथी संपेपर्यंत काकूंचं मौन. जान्हवीचे वडील, गुणाजी, त्यावरून चिडवायचे. "आज वनमाला गप? मगे आज देवाक पण जरा आराम!"

त्या गुरुवारी आठला फुलं घेऊन वर येताना काकूंना पिशवी दिसली. थबकल्या. डोळा लागला असेल, मौन सुटलं की बघू, असं मनाशी म्हणत पोथीला बसल्या. बाराला चावी लावली, तर गुणाजी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेले, श्वास जेमतेम. इस्पितळात पोचेपर्यंत गेले.

"बाराला पिशवी दिसली, तशी धावले," काकूंनी पोलिसांना सांगितलं. जान्हवीलाही तेच.

तेरावं झालं. बुधवारी संध्याकाळी जान्हवी बॅग भरत होती. तिकडे ती वकिली करायची. काकूंनी हळूच विचारलं, "शेजारी वेळेवर धावला नाही, तर गुन्हा होतो का गं?"

"आमच्या स्कॉटलंडात तरी नाही हो. परक्याला वाचवलं नाही म्हणून शिक्षा नसते." साडीची घडी घालत ती म्हणाली, "हां, सांभाळायचं ज्याने आपणहून अंगावर घेतलं, त्याचं वेगळं. त्याचं नुसतं बसून राहणंही गुन्ह्यात जाऊ शकतं. पण काकू, तुम्ही तर धावलात! तुम्ही नसता तर बाबा दिवसभर तसेच पडून राहिले असते."

ती पाया पडली. आशीर्वादाला काकूंचा हात उठेना.

आज पुन्हा गुरुवार. देवापुढे पोथी लाल फडक्यात तशीच होती. काकू तिच्यापुढे बसल्या. मौन तोंडाचं होतं. कुलूप तर हाताने उघडतं. ते चार तास देवाने मागितले नव्हते, त्यांनीच त्याच्या नावावर घातले होते.

समोरच्या घरात बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. खाली टॅक्सी उभी होती.

काकूंनी पोथीला नमस्कार केला, फडकं सोडलं नाही. देव्हाऱ्यातली चावी उचलली, पदर सावरला आणि बेल वाजवायला त्या दाराबाहेर पडल्या.