डब्याआधीचे शब्द

मोहल्ल्यातल्या पोरांचा पुढारी असलेल्या नीरज भियानं खुर्ची पुढे ओढली आणि शशिकलाबाईंचा दंड धरून त्यांना तीत बसवलं.

“हात सोड. मी काय लुळी आहे?”

“अरे आजी, नाराज कशाला होता? आप तो बस बोल दीजिए. बाकी अपन बैठे हैं ना.”

प्रिन्सिपल सिस्टरच्या खोलीत पंखा फिरत होता, पण वारा टेबलावरच्या कागदांपुरता. दाराशी भियाच्या मागं फिरणारी तीन पोरं उभी. त्यांच्या आडून बाहेर पडायचं म्हटलं तर मांजरालाही अंग चोरावं लागलं असतं. आणि खिडकीपाशी, हाताची घडी घालून, साळवे मिस. नातीच्या, तन्वीच्या, तिसरीच्या वर्गाची बाई. गळ्यात बारीक साखळी, तिला नखाएवढा क्रूस. शशिकलाबाईंनी आधी तो पाहिला, मग बाईचं तोंड.

त्यांना वाटलं होतं, कुणी गोरीमोरी, गोडबोली असेल. ही तर आपल्यातल्यासारखीच निघाली. पातळही नीट नेसलेलं.

झालं होतं ते एवढंच. अन्नपूर्णेच्या देवळामागच्या गल्लीत भजनी मंडळ जमलं होतं. उषा वहिनींनी स्वतःच्या सुनेचं कौतुक लावलं होतं, ते काही केल्या संपेना. शशिकलाबाईंची सून निधी नोकरीवाली, फटकळ, सासूला न विचारता पोरीला या शाळेत घालणारी. तिचं कौतुक काय सांगणार? तर त्या ठसक्यात म्हणाल्या, “आमच्या सुनेनं तर पोरीला बाटवायलाच घातलंय. ताटावर बसली की डोळे मिटून येशूचं नाव घेते कार्टी.” बायका ‘अगबाई’ म्हणाल्या. तेवढंच हवं होतं. भाजीला फोडणी द्यावी तसं बोलण्याला तिखटमीठ लावायची शशिकलाबाईंची सवय जुनी, आणि आजवर कुणी त्यांना त्याचा हिशेब विचारला नव्हता.

पण कुणीतरी फोन धरून, रेकॉर्ड करत बसली होती. संध्याकाळपर्यंत ते बोलणं गल्लीभर झालं, आणि दोन दिवसांनी नीरज भिया हार घेऊन घरी आला. हार! शशिकलाबाईंच्या गळ्यात नवऱ्याच्या साठीशांतीनंतर पहिल्यांदा हार पडला. त्या हारानंच घात केला. निशांत तर म्हणाला, “आई, तूच सुरू केलंस, तूच निस्तर. मला विजय नगरला मीटिंग आहे.” निधी बोलायचीच थांबली.

“तर सिस्टर,” नीरज भिया म्हणाला, “बच्ची की दादी सामने बैठी हैं. आता आणखी काय पाहिजे?”

सिस्टरचा रुमाल हातातल्या हातात चुरगळत होता. “साळवे मिस, तुम्ही यांना समजावून सांगा ना. ती काही प्रार्थना नव्हती. गुड मॅनर्स होते. टेबल मॅनर्स. हो ना?”

सुटायची वाट स्वच्छ दिसत होती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

“नाही, सिस्टर,” साळवे मिस म्हणाली. “ती प्रार्थनाच असते. देवाला मॅनर्स कसं म्हणू?”

दाराशी कुजबुज झाली. भियानं भुवया उंचावल्या.

“सुना आजी? खुद मान रही है.”

“मानतेच आहे. पूर्ण ऐका.” तिचा आवाज चढला नाही. “माझ्या वर्गात डबा उघडायच्या आधी रोज एकाची बारी असते. ज्याच्या घरी जेवताना जे म्हणतात ते तो म्हणतो, बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. कुणी श्लोक आणतं, कुणी अरदास, कुणी बिस्मिल्ला. माझ्या घरचं मीही वर्षातून एकदा म्हणते, माझी बारी आली की. मी मिशनच्या शाळेत शिकवते म्हणजे माझी श्रद्धा पोरांच्या डब्यात वाढते, असं नाही. पण समोरचं अन्न आपण एकट्यानं मिळवलेलं नाही, हे पोराला कळल्याशिवाय मी त्याला गुणाकार शिकवून काय करू? मान कुणापुढे लववायची ते घरानं सांगावं. लववायला मी शिकवणार. ते मी लपवणार नाही, आणि दुसऱ्या नावानं विकणारही नाही.”

शशिकलाबाईंना बाईचा राग आला. इतकं सरळ बोलतं का कुणी, समोर असली माणसं असताना? अडकलेली असून अडकल्यासारखी उभीसुद्धा राहत नाही.

“और तन्वी?” भियानं विचारलं. “उसके घर से ये सब आया था?”

मिसनं शशिकलाबाईंकडे पाहिलं, अगदी सरळ, आणि नजर काढून घेतली.

“नाही. तन्वीला शब्द मी दिले. ‘ज्यानं पिकवलं, जिनं शिजवलं, त्यांचं भलं होवो.’ एवढेच.”

“घरून का नाही आले?”

“ते मी सांगणार नाही. पोरं घरचं जे माझ्याजवळ बोलतात, ते वर्गाबाहेर जात नाही.”

शशिकलाबाईंच्या कानशिलात ऊन चढलं. बाईला ठाऊक होतं.

तन्वीची बारी यायच्या आधी एकदा त्या गवार मोडत बसल्या होत्या. पोरगी येऊन चिकटली. “आजी, आपल्याकडे जेवताना काय म्हणतात?” त्यांनी वर न बघता सांगितलं, “गिळायचं म्हणतात. जा, तुझ्या मिसलाच विचार.” पोरगी दुसऱ्या दिवशी परत आली, तिसऱ्या दिवशीही. सांगायला होतं काय? सासरी पंगतीत श्लोक व्हायचा तो पुरुषांचा. त्या वाढत असायच्या. शेवटी चुलीमागे, नवऱ्याच्याच खरकट्या ताटात, उरलंसुरलं घेऊन बसायच्या तेव्हा कुणाची वाट बघायची नव्हती आणि काही म्हणायचंही नव्हतं. आणि आता घरात निशांत फोनपुढे जेवतो, निधी उभ्यानं, त्या स्वतःच्या खोलीत. पंगत कुठली आणि श्लोक कुठला!

हे सगळं बाईनं आत्ता इथं बोलून दाखवलं असतं तर ती सुटली असती. शशिकलाबाईंनी तिच्या जागी नक्कीच बोलून दाखवलं असतं, चार शब्द पदरचे घालून.

“ए, नीरज,” त्या एकदम म्हणाल्या. “पोरगी येशूचं नाव घेत नाही. ते मी लावलं.”

सिस्टरनं रुमाल टेबलावर ठेवला.

भिया हसला. अगदी मायेनं. “आजी, डरने का नहीं. या शाळेवाल्यांनी आधी येऊन काही म्हटलं का तुम्हाला?”

“घाबरतंय कोण? तुझा बाप चड्डी सांभाळत आमच्या ओट्यावर खेळायचा, तेव्हापासून मी कुणाला घाबरले नाही. खोटं बोलले होते, खरं सांगतेय. एवढं कळत नाही?”

“बिलकुल कळतं.” त्यानं खिशातून फोन काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरला. “पर आजी, लोगों ने तो ये सुना है.”

त्यांचाच आवाज. त्यांचाच ठसका. शेवटी बायकांचं ‘अगबाई’. स्वतःचं बोलणं त्यांनी पहिल्यांदाच असं समोर बसून ऐकलं. त्यातली ती बाई किती खुशीत होती!

“आता तुम्ही काही पण म्हणा, लोग यही कहेंगे कि दादी को दबाया,” भिया म्हणाला. “तुम्ही आराम करा. तुमचं काम झालं.”

जन्मभर त्यांच्या तोंडाला घर वचकून होतं. आज त्या खरं बोलत होत्या आणि त्यांना विचारतंय कोण! उलट खरं बोलल्या म्हणून त्या भित्र्या ठरत होत्या.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. साळवे मिस दाराकडे वळली, पण पोरं हलली नाहीत.

“मिस, तुम्ही इथंच थांबा,” सिस्टर खाली बघत म्हणाली. “आणि सोमवारपासून... काही दिवस घरीच थांबा.”

“वर्ग वाट बघत असेल, सिस्टर.”

“थांबा म्हटलं ना.”

शशिकलाबाई उठल्या. “सरका रे,” दाराशी जाऊन त्या म्हणाल्या. “म्हातारीला हवा लागते. की मलाही कोंडता?” पोरं सरकली.

व्हरांड्यात सगळ्या वर्गांतून झाकणांचा खडखडाट येत होता, तोंडं चालली होती. तिसरीच्या वर्गातून काही येत नव्हतं. त्यांनी आत डोकावलं. पोरं डबे उघडून, हात मांडीवर ठेवून बसली होती. पराठे, भात, कुणाची साबुदाण्याची खिचडी. एकानंही घास उचलला नव्हता.

“खात का नाही रे?”

“मिस नहीं आई,” पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. “आज तन्वी की बारी है, वो बोल ही नहीं रही.”

तन्वी मागच्या बाकावर एकटीच होती. तिनं आजीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“आजी रागावते,” ती डब्याला सांगितल्यासारखं म्हणाली.

“तो आजी बोल देंगी,” एक मुलगा म्हणाला. “घरवालं कोणी पण चालतं. बोलिए ना आजी, भूक लगी है.”

सगळ्यांनी डोळे मिटले. एवढी तोंडं एकदम त्यांच्याकडे वळून, डोळे मिटून, उपाशी थांबलेली. शशिकलाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. जिभेवर शब्दांची कधी वानवा नसलेल्या बाईला म्हणायला एकही शब्द सापडेना.

“जेवा,” त्या शेवटी म्हणाल्या. “जेवा, बाळांनो.”

“जेवा, बाळांनो,” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. मराठी येणारी आणि न येणारी, सगळीच. मग डोळे उघडले आणि हात डब्यांत गेले.

तन्वीनं अर्धा पराठा तोडून डब्याच्या झाकणावर ठेवला आणि झाकण बाकाच्या रिकाम्या बाजूला सरकवलं.

व्हरांड्यात बूट वाजले. “आजी, चलिए,” भियाचा आवाज आला. “गाडी लगी है. बाहेर लोक थांबलेत, दोन शब्द बोलायचेत तुम्हाला.”

शशिकलाबाईंनी मागे पाहिलं नाही. त्या तन्वीच्या बाकापाशी गेल्या, एका हातानं डेस्क धरलं आणि आधी एक गुडघा, मग दुसरा आत घातला. बाक आठ वर्षांच्या पोरांच्या मापाचा होता. एकदा आत शिरल्यावर कुणी दोघांनी धरून उठवल्याशिवाय आपल्याला बाहेर पडता येणार नाही, हे त्यांना बसतानाच कळलं होतं.